आधी हाक, मग घास

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

लग्न ठरलं, मुलगा सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी घरातला, आणि तिथे आपल्याकडून काय काय अपेक्षा असतील या धास्तीने तू ‘चिनी संस्कृती’वर दिसेल ते वाचत सुटली आहेस. ते वाचन आधी थांबव. त्याला तीन गोष्टी विचार: घराणं मूळ कुठल्या गावचं, अमेरिकेत पहिलं माणूस कोणत्या साली आलं, आणि आजी रागावते कोणत्या भाषेत. १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलण्यापूर्वी आलेली बहुतेक घरं ग्वांगदोंग प्रांतातली, तोइसान आणि आसपासच्या तालुक्यांतली. तोइसानी किंवा कँटनीज बोलणारी. १९८० नंतर विद्यापीठांत शिकायला आलेल्यांच्या घरी बहुधा मँडरिन. फरक किती पडतो बघ: मँडरिनमध्ये ‘नायनाय’ म्हणजे वडिलांची आई, कँटनीजमध्ये ‘नायनाय’ म्हणजे नवऱ्याची आई. तुझं सासर कँटनीज बोलणारं आहे असं तू लिहिलंस, म्हणून पुढचं सगळं त्या हिशोबाने.

त्या घरातली सर्वांत मोठी अपेक्षा तुला कुणी बोलून दाखवणार नाही. ती आहे हाक. आत येऊन सगळ्यांना मिळून एकदा ‘हॅलो’ म्हणायचं आणि सोफ्यावर बसायचं, हा तिथे उद्धटपणा. प्रत्येक वडीलधाऱ्याला वेगळी हाक, नात्याने, मोठ्यापासून सुरुवात करून. जेवायला बसल्यावर पुन्हा: ‘येये सिक फान, मामा सिक फान.’ आजोबा, जेवा. आजी, जेवा. धाकट्यांनी अशा हाका मारल्या, आजीने मान हलवली, की मग चॉपस्टिक्स उचलायच्या. इंग्रजीत वाढलेल्या मुलीला ‘अंकल’च्या पलीकडे जाणं जड जातं, तुला जाणार नाही. काका आणि मामा ही दोन वेगळी माणसं आहेत, हे तुला कुणी शिकवावं लागलेलं नाही. तिथे आपला मामा म्हणजे ‘खाउफू’, थोरली आत्या ‘गूमा’, आईची थोरली बहीण ‘यीमा’. नवं शिकायचं ते एवढंच, की वडिलांचा थोरला भाऊ ‘बाक’ आणि धाकटा ‘सुक’, दोघांना एकच शब्द चालत नाही.

सुराकडे मात्र लक्ष दे. ‘मामा’मधले दोन्ही ‘मा’ खालच्या सुरात म्हटले तर आजी. दुसरा ‘मा’ वर चढला की आई. देवनागरीत हा सूर लिहिता येत नाही. म्हणून सासूबाईंना प्रत्येक हाक तीनदा म्हणायला सांग, फोनवर रेकॉर्ड करून घे आणि त्यावरूनच पाठ कर. मूळ घर तोइसानचं असेल तर आजीच्या हाका निराळ्याही निघतील. तेव्हा माझे शब्द बाजूला ठेव आणि तिचे घे.

लग्नात वडीलधाऱ्यांना चहा देण्याचा विधी असतो, तो याच हाकेसाठी. आधी आजी-आजोबा, मग सासू-सासरे, मग काका-आत्या. कप दोन्ही हातांनी धरायचा आणि सासऱ्यांना म्हणायचं, ‘लोये, याम छा.’ सासरेबुवा, चहा घ्या. कपात वाळवलेली लाल बोरं आणि कमळबिया असतात, संततीच्या आशीर्वादाच्या. मोठ्यांनी दिलेलं सोनं तिथल्या तिथे अंगावर घालतात, पेटीत टाकत नाहीत. हिरवा चुडा त्याच दिवशी असेल तर मनगटावर दोन-तीन बोटं जागा मोकळी सोड.

आपल्या माणसांना मात्र महिनाभर आधी सांगून ठेव, कारण खरी गडबड तिथेच होते. आपण आहेर एकशे एक, पाचशे एक देतो. कँटनीज रिवाजात एकाने संपणारी रक्कम अंत्यविधीला देतात. पुण्याहून आलेल्या काकांनी प्रेमाने १०१ डॉलरचं पाकीट दिलं तर घेणाऱ्याच्या काळजात धस्स होईल. रक्कम सम हवी, ८ असला तर उत्तम, ४ नको (तो उच्चाराने मृत्यूच्या जवळ जातो). नोटा कोऱ्या, पाकीट लाल. भिंतीवरचं घड्याळ तर कुणी आणूच नये: ‘घड्याळ देणं’ आणि ‘शेवटचा निरोप देणं’ यांचा उच्चार एकच. आणि गजरा. केसांत पांढरं फूल हे तिथे सुतकातल्या बाईचं. मोगरा सोडवत नसेल तर आजीला आधी समजावून सांग, नाहीतर सरळ अबोली माळ.

जेवणाचं थोडक्यात सांगते. ‘शाकाहारी’ म्हटलंस तर मांसाचे तुकडे निघतील, ऑयस्टर सॉस आणि कोंबडीचं पाणी तसंच राहील. ‘जाय’ म्हण, म्हणजे बौद्ध शाकाहार. चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी पुष्कळ घरी जाय करतात, तरी त्यातही वाळवलेले कालव घालायची पद्धत आहे, तेव्हा वाढण्यापूर्वी विचार.

एखादी गोष्ट पटली नाही, तर नकार नवऱ्याने द्यायचा, एकांतात, चारचौघांत कधीही नाही. कन्फ्यूशियसच्या वचनांतही मुलाला ही मुभा आहे: आईवडिलांचं चुकलं तर हळुवार सांगावं, ऐकलं नाही तरी आदर सोडू नये. अडचण अशी, की अमेरिकेत वाढलेल्या पुष्कळ मुलांना भाषा अर्धीच येते. त्यालाही आजीची वाक्यं पूर्ण कळत नसतील, आणि त्याची त्याला आतून लाज असेल. तू झपाट्याने शिकलीस तर पाहुण्यांसमोर त्याच्यापुढे जाऊ नकोस. दोघं मिळून शिका.

तिथल्या काही घरांची दोन आडनावं कशी, असं तू विचारलंस. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं. १९०६च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या. पुष्कळांनी आपण इथेच जन्मल्याचं सांगून नागरिकत्व मिळवलं, आणि त्यांचे ‘कागदी मुलगे’ म्हणून परके तरुण दुसऱ्याचं आडनाव लावून आले. १९४३ साली कायदा उठला, तरी कोटा वर्षाला १०५ जणांचा, म्हणून ही वाट पुढेही चालू राहिली. आजोबांना यावर थेट प्रश्न विचारू नकोस. या माणसांनी पकडले जाण्याच्या भीतीत वर्षं काढली आहेत.

छिंगमिंग, म्हणजे पूर्वजांची थडगी साफ करायचा सण, ४ किंवा ५ एप्रिलला येतो. त्या सुमाराच्या सुट्टीला घरचे दफनभूमीत जातील. झाडू आणि बादली तू उचल. तीन उदबत्त्या, तीनदा कमरेतून वाकून नमस्कार, पुढे संत्री आणि चहा. थडगं पुसताना इंग्रजी कागदी आडनाव आणि खऱ्या आडनावाचं चिनी अक्षर यांचा मेळ बसणार नाही कदाचित. त्या अक्षरात पहिली रेघ कुठून काढायची ते आजीला विचार. उद्या तुझ्या लेकराचं चिनी नाव त्याच अक्षराने सुरू होईल.

तुझी,
मावशी