वाचक विचारतात : पार्कात लहानग्याला कुठे जेवायला बसवावं?

प्रश्न : मुलगी एकवीस महिन्यांची आहे. सासू-सासरे, नणंदेचं कुटुंब आणि आम्ही असे आठ जण एका दिवसात खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन येणार आहोत. आत जेवायची बरीच ठिकाणं आहेत म्हणतात. मुलीच्या दृष्टीने कुठलं निवडावं? (सातारा)

उत्तर : आधी वेळ ठरवा, मग जागा. मेन्यू सगळ्यात शेवटी. या वयाची मुलं पदार्थ आवडला नाही म्हणून फारशी रडत नाहीत. भूक आणि झोप एकाच वेळी आली की रडतात, आणि तेव्हा समोर काहीही ठेवलं तरी उपयोग होत नाही.

साताऱ्याहून सकाळी सहाला निघालात तर वाटेतले थांबे धरून साडेदहा-अकराच्या सुमारास पोचाल. मुलीची एक झोप गाडीत झालेली असेल, म्हणजे पुढची दीडच्या आसपास येणार. तिचं जेवण त्याआधी तासभर उरकायला हवं, म्हणून पावणेबारा ते सव्वाबारा ही वेळ धरा. त्यात आणखी एक फायदा आहे. बुफेची भांडी तेव्हा नुकतीच मांडलेली असतात, भात वाफाळता असतो आणि वरण ढवळलेलं असतं. एक वाजला की रांग सुरू होते, आणि अडीचला जे उरतं ते दोन-अडीच तास मंद आचेवर बसलेलं असतं.

येताना लोणावळ्याला थांबून तिला पोटभर दूध पाजू नका. पुढे लगेच बोरघाटाची उतरण आहे. दूध घाटातच बाहेर येतं, आणि मग पार्कात पहिला तास कपडे बदलण्यात जातो. घाटाआधी केळ्याचा तुकडा किंवा दोन बिस्किटं पुरे. पाणीही घोट-घोटच द्या.

आता जागा. पार्कात शिरल्यावर एका मोठ्या माणसाला पाच मिनिटं पुढे पाठवा. त्याने पाहायचं ते असं. लहान मुलांची उंच खुर्ची आहे का, आणि तिला पट्टा आहे का? नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही, दोन पायांच्या मधून येणारा पट्टाही हवा. तो नसला की मूल खाली घसरतं आणि हनुवटी ट्रेला अडकते. खुर्ची धरून हलवून बघावी, डुगडुगत असेल तर दुसरी मागावी. पट्टेवाली खुर्ची नसेल तर मांडीवर बसवा. साध्या खुर्चीला ओढणीने बांधायची युक्ती सर्रास दिसते, ती करू नका. मूल घसरलं की ओढणी पोटावरून वर सरकत गळ्याशी येते.

टेबल कुठलं, यालाही महत्त्व आहे. स्पीकरखालचं नको. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं नको, कारण गरम ट्रे घेऊन माणसं तिथूनच ये-जा करतात. एसीचा झोत थेट अंगावर येईल असंही नको, विशेषतः पाण्यात खेळून आल्यावर. ओले कपडे बाहेरच बदला, अंग कोरडं करा, मगच आत जा. टेबलक्लॉथ असेल तर मुलीच्या बाजूचा काठ दुमडून घ्या, आणि चहा, सूप, वरणाची वाटी तिच्या हातापासून निदान फूटभर लांब ठेवा.

आणखी एक सांगतो, सासूबाईंना पटेल न पटेल. आठ जणांनी एकत्र बसायचा हट्ट सोडा. आठांचं टेबल मिळेपर्यंत मुलीची वेळ टळते. तुम्ही दोघांनी तिला घेऊन लवकर जेवून घ्या, बाकीचे नंतर जेवतील. एकत्र बसायचंच असेल तर संध्याकाळच्या चहाला बसा.

बुफेत मुलांच्या तिकिटाची अट काउंटरवर आधीच विचारा. प्रवेशाचं तिकीट बऱ्याच पार्कांत उंचीवर असतं, पण जेवणाचं वयावर असू शकतं. तुमच्या मुलीच्या पोटात जाणार जेमतेम अर्धी वाटी भात. तिच्यासाठी वेगळी बुफे थाळी घ्यायला लागत असेल, तर साध्या काउंटरवरची इडली किंवा साधा डोसा परवडतो.

प्रश्न : नातू चौदा महिन्यांचा आहे, घरची मऊ खिचडीच खातो. डब्यात नेली तर दुपारपर्यंत टिकेल का? गेटवर अडवतील का? (मिरज)

उत्तर : बाळाच्या खाण्याला बहुतेक ठिकाणी सूट असते, पण आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. डबा बाळाचा आहे हे दिसलं पाहिजे. मोठ्यांच्या चपात्या-भाजीच्या डब्याखाली ठेवलात तर वाद होणारच.

टिकण्याचं म्हणाल तर साध्या स्टीलच्या डब्यात नाही टिकणार. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तास ही मर्यादा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर एकच तास. भाताची गोष्ट जास्त बिकट आहे. तांदळातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून ‘हॉटेलात गरम करून घेऊ’ हा उपाय नाही. वासावरूनही काही कळत नाही.

न्यायचीच असेल तर रुंद तोंडाचा, दुहेरी भिंतीचा थर्मास घ्या, ३०० ते ५०० मिलीचा. आधी त्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. पाणी ओता आणि लगेच, खिचडी रटरटत असतानाच, गळ्यापर्यंत भरा. अर्धाच भरलात तर आतली मोकळी हवा ती थंड करते. मध्ये उघडून पाहू नका. खिचडी नेहमीपेक्षा पातळ करा, कारण थर्मासात तांदूळ पाणी पीत राहतो आणि दुपारपर्यंत तिचा गोळा होतो. उघडल्यावर वाफ आली पाहिजे, बोट बुडवलं तर चटका बसला पाहिजे. नुसती कोमट लागली तर टाकून द्या, जीव हळहळला तरी.

याहून सोपं आणि बिनधोक म्हणजे ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. लाह्या फुटतानाच शिजलेल्या असतात, त्यामुळे त्याला वेगळं शिजवायला लागत नाही. तीन चमचे पीठ, चिमूटभर गूळ, अर्धी वाटी उकळून फ्लास्कमध्ये आणलेलं गरम पाणी. दोन मिनिटं झाकून ठेवलं की झालं. पीठ कोरडं असल्यामुळे उन्हाने बिघडत नाही. नाचणी सत्त्व मात्र यासाठी नेऊ नका, ते चुलीवर शिजवावंच लागतं. नुसत्या गरम पाण्यात गुठळ्या होतात आणि पोट दुखतं. दुधाची खीरही नकोच.

प्रश्न : रांगेत उभं असताना मुलाच्या हातात काय द्यावं? आमच्याकडे भडंग आणि बेदाणे कायम घरात असतात. मूल अडीच वर्षांचं आहे. (तासगाव)

उत्तर : दोन्ही घरीच ठेवा. भडंगातला शेंगदाणा त्या वयाच्या श्वासनळीत नेमका बसतो, आणि मिरचीने ठसका लागला की तो आत ओढला जातो. चार वर्षांखाली अख्खा दाणा देऊ नये. बेदाणे तासगावचे असल्यामुळे आमचाही जीव थोडा खालीवर होतो, पण ते चिकट असतात, एकाला एक चिकटून त्यांचा गोळा होतो. द्यायचेच तर घरी, खाली बसवून, भिजवून बारीक तुकडे करून. रांगेत चालताना-खेळताना नाही.

द्राक्षं नेत असाल तर एकेक द्राक्ष उभं चार भागांत कापा. आडवं कापलं तर गोल चकती राहते आणि ती तितकीच धोक्याची. पार्कात जागोजागी मिळणारा पॉपकॉर्न आणि सॉसेजच्या गोल चकत्या यांचंही तेच. पर्याय म्हणून राजगिऱ्याचा लाडू चुरून, खाकऱ्याचे तुकडे, पिकलं केळं किंवा उकडलेल्या बटाट्याच्या फोडी.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीवर थापा मारू नका. आवाजच निघत नसेल, चेहरा निळा पडत असेल, तर ओणवं करून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच जोरदार थापा. तेवढ्याने सुटलं नाही तर मागून कवळा घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके, आणि पुन्हा थापा. मदतीला कुणाला तरी हाक मारा. न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट घालू नका, घास आणखी आत जातो.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत. तो ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला नेणार आहे. नातू सप्टेंबरमध्ये तीन वर्षांचा होईल. मिकी माऊस टेबलापाशी येतो अशा हॉटेलात जेवायचं का? आम्ही शाकाहारी आहोत. (कराड)

उत्तर : तुमची वेळ चांगली जुळली आहे. तिथे तीन वर्षांखालच्या मुलाला पार्काचं तिकीट नाही, आणि बुफेतही त्याचे पैसे घेत नाहीत. तीन ते नऊ वयाला मुलांचा दर लागतो. म्हणजे मुलाने सहल सप्टेंबरच्या वाढदिवसाच्या पुढे ढकलली तर खर्च वाढेल, हे त्याला सांगून ठेवा.

अशा जेवणाच्या जागा ६० दिवस आधी आरक्षणाला खुल्या होतात आणि लवकर भरतात. पार्काच्या आतल्या हॉटेलात जायला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतं. डिस्नेच्या निवासी रिसॉर्टमधल्या हॉटेलांना मात्र ते लागत नाही. उदाहरणार्थ, कंटेम्पररी रिसॉर्टमधलं शेफ मिकीज. मिकी, मिनी तिथे टेबलापाशी येतात, बुफे आहे, आणि मॅजिक किंगडम हे डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी एक पार्क तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. विनी द पू हे अस्वल आणि टिगर हा वाघ ही कार्टूनमधली पात्रं आवडत असतील तर मॅजिक किंगडमच्या आतलं क्रिस्टल पॅलेस हे हॉटेल.

पण आधी नातवाचा अंदाज घ्या. दोन-अडीच वर्षांची बरीच मुलं चित्रातल्या मिकीवर जीव टाकतात आणि माणसाएवढा मिकी समोर आला की आजीच्या पदरात तोंड लपवतात. गणपतीच्या मिरवणुकीतल्या मुखवट्यांना तो घाबरतो का, हे आठवून पाहा. घाबरत असेल तर आधी पार्कात लांबून दाखवा आणि आरक्षण सहलीच्या शेवटच्या दिवशीचं घ्या. वेळ सकाळची, आणि बुफेच. बुफेत वाट पाहायला लागत नाही, पोर रडायला लागलं तर उठूनही जाता येतं. रद्द करायचं झालं तर मुदतीत करा, नाहीतर माणशी दंड बसतो.

शाकाहाराबद्दल ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. तिथल्या भातात, सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं, बीन्समध्ये चरबी असू शकते. ‘चिकन स्टॉक आहे का, अंडं आहे का’ असं नाव घेऊन विचारा. आरक्षण करतानाच लिहून ठेवलं तर आचारी येऊन काय चालेल ते दाखवतात.

आपल्याकडच्यासारखी खाण्याची बंदी तिथे नाही. दशम्या, चिवडा, नातवाचा डबा आत नेता येतो. काचेची भांडी चालत नाहीत, बाळाच्या खाण्याच्या बाटल्यांचा अपवाद आहे. सुटा बर्फ नेता येत नाही, आइस पॅक न्या. झटपट काउंटरच्या हॉटेलांत बर्फाचं पाणी फुकट मिळतं, कप मागा. चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे. तिथे मायक्रोवेव्ह, उंच खुर्च्या, लंगोट बदलायची आणि अंगावर पाजायची सोय असते. गर्दीच्या हॉटेलापेक्षा कधीकधी हेच बरं. ऑगस्टमध्ये तिथे दुपारनंतर बहुतेकदा गडगडाटी पाऊस येतो आणि सगळी माणसं एकदम हॉटेलांत घुसतात. जेवण साडेअकरालाच उरकलेलं असेल तर तुम्हाला ती गर्दी फक्त बघायची आहे. बाबागाडी बऱ्याच हॉटेलांच्या बाहेरच लावावी लागते, म्हणून तिच्यात पासपोर्ट, पैसे ठेवू नका.

प्रश्न : वेटर ‘तिखट कमी करून देतो’ म्हणतो, तरी मूल पहिल्या घासाला रडतं. असं का? (वाई)

उत्तर : कारण ग्रेव्ही सकाळीच पातेलंभर करून ठेवलेली असते. तिखट त्यात आधीच असतं. वेटर वरून क्रीम किंवा साखर घालून आणतो, त्याने रंग उतरतो, झोंबणं तसंच राहतं. म्हणून ग्रेव्हीचं काहीच मागवू नका. ‘कमी तिखट’ म्हणण्याऐवजी ‘तडका न दिलेलं वरण’ मागा. साधा भात, दही, तूप लावलेली रोटी, इडली, उकडलेला बटाटा, हे तर कुठेही मिळतं. फ्रेंच फ्राइज घेतलेत तर ‘मीठ न घातलेले’ म्हणून तळायच्या आधीच सांगा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून २ ग्रॅमच मीठ पुरे, म्हणजे चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. लोणचं-पापड तर त्याच्या ताटात वाढूच नका, मागून रडला तरी.