१२० इंची पडदा, १८ हप्ते आणि साडेतीन लाखांची एफडी

वाचकाचं पत्र थोडक्यात:

"वय ४१, कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पत्नी घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख १५ हजार हातात येतात. घराचा हप्ता २८ हजार, मुलीच्या शाळेसह घरखर्च ५२ हजार, एसआयपी १५ हजार. बँकेत साडेतीन लाखांची एफडी आहे, त्यापलीकडे चटकन मोडता येईल असं काही नाही. आई-वडील आमच्याकडेच असतात, दोघंही सत्तरीपुढचे. वरच्या मजल्यावर ११ बाय १५ फुटांची खोली रिकामी आहे, तिथे होम थिएटर करायची फार वर्षांची इच्छा आहे. दुकानदाराने दिलेलं कोटेशन असं: लॅम्पवाला फोर-के प्रोजेक्टर १ लाख ३५ हजार, १२० इंची मोटराइज्ड एएलआर (आजूबाजूचा उजेड वळवणारा) पडदा ९२ हजार, स्पीकर आणि अँप्लिफायर ६८ हजार, वायरिंग-फिटिंग १५ हजार. एकूण ३ लाख १० हजार. रोख दिल्यास २ लाख ८८ हजार, नाहीतर १८ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, प्रोसेसिंग फी साडेतीन हजार अधिक जीएसटी. त्याच दुकानात १०० इंची साधा पांढरा फिक्स्ड फ्रेम पडदा २४ हजारांना आहे, पण 'क्वालिटी हवी तर पडद्यात तडजोड नको' असं दुकानदार म्हणतो. शिवाय ९० हजार जास्त घालून लेझर प्रोजेक्टर घ्या, असाही आग्रह आहे. काय करू? एफडी मोडू की हप्ते घेऊ?"

नमस्कार सर,

होम थिएटर जरूर करा. एफडी मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका. पडदा २४ हजारांचाच घ्या. तुमची खोली, बसायची जागा आणि प्रोजेक्टर बघता चित्रही त्याच्यावरच जास्त चांगलं दिसेल. एरवी हौसेच्या खर्चात माझ्यासारखा माणूस फक्त पैशांचं बोलतो, पण इथे चित्राचा हिशोब केल्याशिवाय पैशांचा हिशोब लागत नाही. म्हणून आधी पडद्याकडे वळू.

एएलआर पडदा बनतो तोच उजेड असलेल्या खोलीसाठी. खिडकीतून, दिव्यांतून आजूबाजूने येणारा प्रकाश तो बसणाऱ्याकडे न पाठवता दुसरीकडे वळवतो, म्हणून दिवाणखान्यात दुपारी चित्र बघायचं असेल तर त्याला पर्याय नाही. तुमच्याकडे मात्र वेगळी खोली आहे, तिला दार आहे आणि खिडकी एकच आहे. ती खोली अंधारी करता येते. आणि अंधाऱ्या खोलीत एएलआरचं काम संपतं, उरतात ते त्याचे तोटे: बाजूला बसलेल्याला चित्र मंद दिसतं, पांढऱ्या दृश्यात पडद्यावर बारीक चमचम जाणवते, आणि प्रोजेक्टर किती अंतरावर लावायचा यावर बंधनं येतात.

या शेवटच्या मुद्द्यावरच तुमचं कोटेशन अडकतं. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२ दिला आहे. म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतरावरून तो ते चित्र भरतो. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, त्यामुळे १२० इंची पडद्याची रुंदी पावणेनऊ फुटांच्या आसपास, म्हणजे प्रोजेक्टर साडेदहा फुटांवर येणार. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसाठीचे जे एएलआर पडदे असतात, त्यांतल्या बऱ्याच पडद्यांना रुंदीच्या किमान दीडपट अंतर लागतं, म्हणजे इथे तेरा फूट. त्यापेक्षा जवळून प्रकाश टाकला तर मधोमध उजळ डाग दिसतो आणि कडा काळवंडतात. एएलआरचा दुसरा प्रकार खालून वर प्रकाश फेकणाऱ्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरसाठी असतो. तो चुकून माथी मारला गेला तर छतावरच्या प्रोजेक्टरचा प्रकाशही तो परका समजून दूर सारेल. ९२ हजारांचा पडदा नेमका कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याला किमान किती थ्रो लागतो, हे दुकानदाराकडून लेखी मागा. उत्तर काय येतं ते बघण्यासारखं असेल.

आता आकार. तुमच्या नकाशाप्रमाणे सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे पडद्यापासून ११ फुटांवर येतात. तिथून १०० इंची पडदा नजरेचा सुमारे ३६ ते ३७ अंशांचा कोन व्यापतो. घरातल्या सिनेमासाठी ३० अंश ही खालची मर्यादा मानतात आणि ४० च्या आसपासपर्यंत आरामात बघता येतं. १२० इंची पडदा ४३ अंशांवर जातो. तरुण माणसाला एखादा सिनेमा तसा आवडेलही, पण क्रिकेटची मॅच तीन-चार तास बघताना धावफलक वाचायला मान फिरवावी लागेल, आणि तुमच्या वडिलांना ते झेपणार नाही. माझ्या शब्दावर जाऊ नका. रंगाऱ्याकडची मास्किंग टेप आणा आणि भिंतीवर १०० इंची पडद्याची, म्हणजे ८७ इंच रुंद, ४९ इंच उंच चौकट चिकटवा. खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा, म्हणजे बसल्यावर नजर चौकटीच्या खालच्या तिसऱ्या हिस्स्यावर पडेल. तिच्याबाहेर १२० इंचीची, म्हणजे १०५ बाय ५९ इंचांची दुसरी चौकट करा. सोफ्याच्या जागी खुर्ची टाकून घरातल्या प्रत्येकाला संध्याकाळी थोडा वेळ बसवा. निर्णय तिथेच होतो, आणि खर्च फक्त टेपचा.

प्रकाशाचं गणित तर आणखी स्पष्ट आहे. प्रोजेक्टरवर २००० एएनएसआय ल्युमेन्स (त्याच्या उजेडाचं माप) लिहिलेत, पण रंग नीट दिसणाऱ्या सिनेमा मोडमध्ये त्यातले १२०० मिळतील असं धरू. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट, १२० इंचीचं जवळजवळ ४३. साध्या पांढऱ्या पडद्याचा गेन, म्हणजे प्रकाश परत पाठवायची ताकद, १, तर कोटेशनमधल्या करड्या एएलआरचा ०.८. ल्युमेन्सना गेनने गुणून क्षेत्रफळाने भागलं की १०० इंचीवर ४० फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजळपणाचं माप) आणि एएलआरवर सव्वाबावीस-साडेबावीस मिळतात. अंधाऱ्या खोलीत १६ पुरतात, म्हणून दोन्ही ठीक वाटतील. पण लॅम्पचं आयुष्य म्हणून जो आकडा छापतात, तो लॅम्पचा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. त्या टप्प्याला साधा पडदा २० वर असेल आणि एएलआर ११ वर. म्हणजे महागड्या पडद्यावर चित्र आधी मंद होईल आणि तुम्हाला लॅम्पही लवकर बदलावा लागेल.

मग चित्र सुधारतं कशाने? खोलीने. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकायचं थांबवतो. त्या जागी पडद्यावर जेवढा उजेड उरतो, तोच तुमचा काळा. पांढरं छत आणि पांढऱ्या भिंती असतील, तर पडद्यावरून निघालेला प्रकाश त्यांच्यावर आपटून परत पडद्यावर येतो आणि रात्रीच्या दृश्यांवर राखाडी थर चढतो. म्हणून पडद्याची भिंत, तिच्याजवळचं पाच-सहा फूट छत आणि तेवढ्याच बाजूच्या भिंती गडद, बिनचमकेच्या रंगाने रंगवा. गडद करडा, तपकिरी, मरून, वहिनींना जो आवडेल तो चालेल, फक्त चमक नको. खिडकीला कडेपर्यंत बसणारा ब्लॅकआउट पडदा लावा. मग भर दुपारी दार लावून पाच मिनिटं आत बसा. 'सकाळ' किंवा 'पुढारी'चे मथळे वाचता येत असतील तर उजेड कुठून येतोय ते शोधा, बहुतेक वेळा तो दाराखालच्या फटीतून येतो. रंग आणि ब्लॅकआउट मिळून २५ हजार धरा. तुमच्या पूर्ण यादीत एका रुपयामागे सर्वांत जास्त चित्र देणारा खर्च हाच आहे, आणि कोटेशनमध्ये तो नाहीच.

एक काळजी मात्र घ्या. वरच्या मजल्याच्या भिंतीला कोल्हापूरच्या पावसात ओल येते का ते रंगाच्या आधी बघा. ओल असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग बाकी सगळं. वायरिंगही रंगाच्या आधीच, नाहीतर नवी भिंत पुन्हा फोडावी लागेल. प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यरेषेवर लावून घ्या. तिरका लावून 'कीस्टोनने सरळ करतो' असं फिटर म्हणाला तर ऐकू नका. कीस्टोन ही प्रोजेक्टरमधली सोय तिरकं चित्र सरळ करताना पिक्सेल वाया घालवते, आणि तुम्ही त्या पिक्सेलचेच तर पैसे मोजताय.

लेझरचं उत्तर सोपं आहे. त्याचं मुख्य आकर्षण म्हणजे त्यात लॅम्प बदलावा लागत नाही. तुम्ही आठवड्याला १० तास धरलेत, म्हणजे वर्षाला ५२० तास. माहितीपत्रकात लॅम्पचे ४००० तास दिलेत, ते सात वर्षांहून जास्त पुरतात. त्यासाठी आज ९० हजार देण्यात अर्थ नाही. तेवढ्यासाठी बातम्या आणि मालिका मात्र खालच्या टीव्हीवरच राहू द्या. रोज पाच तास प्रोजेक्टर चालवलात तर लॅम्प सव्वादोन वर्षांत संपेल, आणि मग लेझरवाला खरा ठरेल.

आता पैसे. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचे महिन्याला ८० हजार ठरलेले आहेत. सहा महिन्यांची तरतूद म्हणजे ४ लाख ८० हजार. एफडी साडेतीन लाखांची, म्हणजे आजच ती अपुरी आहे. त्यातून २ लाख ८८ हजार काढले तर ६२ हजार उरतील, एका महिन्याचा खर्चही निघणार नाही. खासगी कॉलेजात पगार लांबतात हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. अशा घरात एफडी मोडून करमणुकीची वस्तू घेण्याला माझा ठाम विरोध आहे.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये कॉस्ट आहे, ती फक्त सवलतीत लपवली आहे. रोख किंमत २ लाख ८८ हजार असताना तुम्ही ३ लाख १० हजार भरणार, वर फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ४,१३० रुपये. १८ हप्त्यांवर पसरवून बघितलं तर हे वर्षाला सुमारे सव्वाअकरा टक्के व्याज पडतं. व्याजापेक्षाही मला खटकतो तो हप्ता: महिन्याला १७,२२२. तुमच्याकडे सगळं वजा जाता २० हजार उरतात. म्हणजे दीड वर्ष पावणेतीन हजारांवर काढायचं. त्यात मुलीची फी वाढली की पहिली कात्री एसआयपीला लागणार.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा लावला असता. पहिल्या दोन महिन्यांच्या शिलकीतून वायरिंग, रंग आणि ब्लॅकआउट, मिळून ४० हजार. खोली तिथेच तयार होते. पुढे महिन्याला १४ हजार आरडीत आणि ६ हजार एफडीच्या भरीला. प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा मिळून १ लाख ५९ हजार होतात, ते बारा महिन्यांत जमतात. चौदा महिने थांबणं जड जाईल, कळतं मला. पण प्रोजेक्टर ही या यादीतली सर्वांत लवकर जुनी होणारी वस्तू आहे. ती शेवटी घेतली की त्याच पैशात बहुधा नवं मॉडेल मिळतं आणि वॉरंटीही वापराविना सरत नाही, कारण ती खरेदीच्या दिवसापासून मोजली जाते. पडद्याचं उलट आहे. फ्रेमवर ताणलेला साधा पडदा दहा वर्षं सहज टिकतो, म्हणजे वर्षाला २,४०० रुपये. मोटरवाल्याला मोटर आहे, गुंडाळी आहे, आणि बाजूने ताण देणाऱ्या दोऱ्या नसतील तर काही काळाने कडांना लाटा येतात. पडदा दिसू नये अशी तुमच्या खोलीत गरजच नाही, मग तो गुंडाळायचा कशाला?

६८ हजारांचा आवाज पहिल्या वर्षी नको. टीव्हीचा साउंडबार वर न्या, प्रोजेक्टरला एचडीएमआय एआरसी (आवाज साउंडबारकडे पाठवणारी जोडणी) आहे तेवढं बघून घ्या. स्पीकरच्या वायरी मात्र भिंतीत आत्ताच टाकून ठेवा. आवाज हा सिनेमाचा अर्धा भाग आहे, त्यामुळे तो पुढच्या वर्षी नीट, पूर्ण पैशाने घ्या, स्वस्तातला संच घेऊन पुन्हा बदलू नका.

आणखी एक, पडद्याशी संबंध नसलेलं पण या चौदा महिन्यांच्या आधी करण्यासारखं. आई-वडिलांच्या आरोग्यविम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. आधार कार्डावर दोघांचीही आयुष्मान वय वंदना कार्डं काढून घ्या. तुमची एफडी सर्वांत आधी जिथे खर्च होऊ शकते, ती ही जागा आहे.

दुकानदाराकडे परत जाल तेव्हा कोटेशनमधला प्रोजेक्टरवरचा जीएसटी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तेव्हा जुना दर धरून किंमत लावली असेल तर ती खाली यायला हवी. आणि पडदा फ्रेमवर ताणून, प्रोजेक्टर लावून, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र तुमच्या खोलीत दाखवल्यावरच शेवटचे पैसे देईन, हे आगाऊ रक्कम देतानाच पावतीवर लिहून घ्या.