सूळ, वधस्तंभ की क्रूस?

प्रश्न असा आलाय की गुड फ्रायडेच्या एका बातमीत 'येशूला सुळावर चढवलं' असं छापलंय, मराठी बायबलात वधस्तंभ आहे, बोलताना लोक क्रूस नाहीतर सरळ क्रॉस म्हणतात, तर मुलीच्या चित्रकलेच्या प्रोजेक्टमध्ये नक्की काय लिहायचं.

सूळ तेवढा सोडून द्या. सूळ टोकदार, अंगात घुसणारा, ती शिक्षाच वेगळी. रोमन लोक माणसाला लाकडावर खिळे ठोकून नाहीतर दोरानं बांधून टांगून ठेवायचे, मरायला कधीकधी दिवस लागायचे, आणि हे सगळ्यांना दिसेल अशा जागी, जास्त करून गुलामांना आणि बंडखोरांना.

वधस्तंभ मला फार नेमका वाटतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द स्टाउरोस, त्याचा जुना अर्थ नुसता उभा रोवलेला खांब. आता 'वध'वर काहीजण अडतात कारण आपण कंसवध म्हणतो, अफझलखानाचा वध म्हणतो, म्हणजे मरणारा दुष्टच असं कानाला वाटतं, गांधींच्या बाबतीत वध म्हणायचं की हत्या यावरून किती वाद झालेत बघा की. पण इथं तीच तर गोम आहे. खांब सरकारचा होता आणि सरकारच्या लेखी येशू गुन्हेगार होता, शब्द मारणाऱ्याच्या बाजूनं बोलतोय. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देव नेमका त्या गुन्हेगाराच्या जागी जाऊन राहिला, माणसांची पापं अंगावर घेऊन. त्यातली लाज काढून टाकली तर निम्मा अर्थ गेला.

ती लाज चित्रांतही दिसते. सुरवातीची तीन-चारशे वर्षं ख्रिस्ती लोकांनी हे दृश्य जवळजवळ काढलंच नाही, रोमच्या भुयारी दफनभूमीत मासा, जहाजाचा नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ असलं सापडतं. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइननं धर्माला आसरा दिला, ती शिक्षा बंद पडली, आणि खांब रोजच्या नजरेतून गेल्यावर मग त्याची खूण झाली. रोमच्या सांता सबीना चर्चच्या लाकडी दारावर साधारण ४३० सालचं कोरीव दृश्य आहे, अगदी जुन्यांपैकी, त्यात येशू हात पसरून उभा, डोळे उघडे आणि मागचं लाकूड धड दिसतही नाही. हजारेक वर्षांनी ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकारानं १५१२ ते १५१६ च्या दरम्यान इसेनहाइमच्या मठासाठी जे चित्र काढलं ते बघा, तिथं राय धान्यावरच्या बुरशीनं हातपाय जळल्यासारखे होणारे रोगी सांभाळायचे, आणि चित्रातल्या येशूचं अंग जखमांनी भरलंय, बोटं वेडीवाकडी. म्हणजे रोग्याला समोर आपल्यासारखंच अंग दिसायचं. मी छापील पानावरच पाहिलंय, तरी नजर खिळून राहते. आणि 'खिळणे' हे क्रियापद बायबलातही आहेच, वधस्तंभावर खिळलं.

क्रूस हा त्या खुणेचा शब्द. लॅटिन क्रुक्स, पोर्तुगीज क्रुझ, कोकणीत खुरीस. कॅथलिक चर्चमध्ये त्यावर येशूची मूर्ती असते, प्रोटेस्टंट लोक बहुतेक रिकामाच ठेवतात, येशू मरणातून उठलाय म्हणून.

आणि सोलापुरात राहून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू काकू 'सिलुवा' म्हणतात, अक्कलकोटकडचा माझा कन्नड मित्र 'शिलुबे', आणि उर्दूत सलीब. हे तिन्ही एका घरातले, अरबी आणि सिरियाक या सिरियाकडच्या जुन्या भाषेचं नातं आहे त्यांच्यात, केरळच्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची भाषा शतकानुशतकं सिरियाक होती. म्हणजे एका गल्लीत रोमकडून आलेला शब्द पण आहे आणि सिरियाकडून आलेला पण! येशूच्या डोक्यावरची पाटीसुद्धा हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे.

तर प्रोजेक्टमध्ये प्रसंगाच्या चित्राखाली 'वधस्तंभावरील ख्रिस्त' लिहा. गळ्यातला, चर्चच्या शिखरावरचा, थडग्यावरचा असेल तर मात्र क्रूस.