महिन्यातून एखाद्या रविवारी चालवायला जुनी बीटल घ्यावी का?

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: १९६८ ची फोक्सवॅगन बीटल आहे, तीन वर्षं जागेवर उभी आहे, रंग नुकताच मारलाय आणि मालक म्हणतो इंजिनचं काम झालंय. रोजच्या वापराला तुमच्याकडे दुसरी गाडी आहे, ही महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी बाहेर काढायची आहे आणि पाना हातात घ्यायची तुम्हाला सवय नाही.

माझं मत आधीच सांगतो. घ्यायला हरकत नाही, पण ज्या कारणामुळे तुम्हाला हा व्यवहार सोपा वाटतोय, तेच मला सगळ्यात जास्त खटकतंय. ‘कधीतरीच तर चालवायची, मग त्रास तो काय होणार’ हे गणित जुन्या गाडीला लागू पडत नाही. चालून ती जेवढी झिजते, त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते.

उभ्या गाडीत काय काय होतं ते बघा. पेट्रोलमधला हलका भाग काही महिन्यांत उडून जातो आणि मागे उरलेल्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांमध्ये, म्हणजे जेटमध्ये बसतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि तिथूनच पत्रा आतून गंजायला लागतो. ब्रेक ऑइलही असाच ओलावा शोषून घेतं. त्यामुळे चाकांजवळच्या ब्रेक सिलिंडरचे पिस्टन गंजून अडकतात. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात, आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटल्याचंही दिसतं. तीन वर्षं उभ्या गाडीत यातलं थोडंफार सापडणारच, असं धरूनच किंमत बोला.

यावर पुष्कळ मालक एक उपाय करतात: दर आठवड्याला गॅरेजमध्येच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. हे कृपा करून करू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर जातं. दहा मिनिटांत इंजिन तापत नाही, म्हणून ते पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि सायलेन्सरमध्ये साचतं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा फेस दिसतो तो बहुतेक वेळा यामुळेच. गाडी काढायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवायची, सगळे गिअर वापरायचे, ब्रेक नीट तापू द्यायचे. महिन्यातून दोनदा एवढं जमत असेल तर बीटल तुमच्याकडे खुशाल राहील. सहा-सहा महिने हात लागणार नसेल, तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे, मग गाडी कितीही देखणी असो.

आता या विशिष्ट गाडीबद्दल. ताजा रंग हा मला गुण वाटत नाही. रंगाआधीचे फोटो मागा. नसतील तर एक लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून घेऊन जा आणि मडगार्डच्या कडा, दारांचा खालचा भाग, बॉनेटच्या खालची पट्टी यांवरून फिरवा. चुंबक सुटला की तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पण बीटलचा खरा गंज बाहेर दिसतच नाही. मागची सीट उचला. बॅटरी तिथे खाली असते, आणि तिच्यातून झिरपलेल्या आम्लाने त्याच ठिकाणचा तळाचा पत्रा खाल्लेला असतो. बॅटरीखाली रबर किंवा कार्पेट अंथरलेलं असेल तर ते उचलून बघा, नुसतं वरून बघू नका. (टर्मिनलवर झाकण आहे का तेही तेव्हाच पाहून घ्या. सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून ठिणग्या उडाल्याची प्रकरणं या गाडीत झालेली आहेत.)

दुसरी जागा दारांखालची. तिथे दोन्ही बाजूंना लांब पोकळ पेटी असते, तिच्यातून गरम हवा पुढे जाते, म्हणून तिला हीटर चॅनेल म्हणतात. ती नुसती हवेची नळी नाही, बॉडीची ताकद तिच्यात आहे. ती कुजली की गाडी मधून लवते. दार बंद करून वरच्या मागच्या कोपऱ्यातली फट बघा. मग गाडी एका बाजूने जॅकवर उचलून तेच दार उघडा-लावा. फट बदलली किंवा दार अडायला लागलं, तर मालकाचा निरोप घ्या. इंजिन खाली उतरवून दुरुस्त करता येतं. हीटर चॅनेल बदलायला मात्र बॉडी तळापासून सोडवावी लागते आणि हे काम नीट करणारा माणूस शोधण्यातच वर्ष जातं.

इंजिनचं काम झालंय या शब्दावर जाऊ नका, एक सोपी परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. बीटलचं इंजिन मागे असतं. ते बंद आणि थंड असताना मागचं झाकण उघडा, पट्टा फिरवणारी खालची मोठी पुली दोन्ही हातांनी धरा आणि सरळ पुढे-मागे ओढा-ढकला. पुली जवळजवळ हलायलाच नको, कारखान्याने ठरवलेली मर्यादा ०.१५ मिमी आहे. हाताला ‘टक’ असं जाणवलं, तर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगची जागा झिजलेली आहे आणि ते काम झालेलंच नाही. सुरू करण्याआधी इंजिनला हात लावून ते गार आहे याची खात्री करा, आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. सुरू होताना क्षणभर निळा धूर आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरच्या इंजिनात उभ्या अवस्थेत थोडं ऑइल आत जातं. पाच मिनिटांनीही निळा धूर येत असेल तर ती वेगळी गोष्ट.

टायरवर खाचा किती उरल्यात ते पाहू नका, वय पाहा. बाजूला DOT (डॉट) या अक्षरांनंतरच्या मालिकेत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, त्यावर गाडी घरापर्यंतसुद्धा आणू नका. वीज ६ व्होल्टची आहे की १२ ची तेही विचारा, त्या सालात दोन्ही सापडतात आणि ६ व्होल्टचे दिवे रात्री फारच मंद असतात.

बीटलच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. १९३८ पासून ३० जुलै २००३ पर्यंत २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या, शेवटची मेक्सिकोतल्या पुएब्ला इथल्या कारखान्यात. त्यामुळे सुटे भाग आजही नव्याने बनतात आणि गाडी समजणारे मेकॅनिक सापडतात. कधीतरी चालवणाऱ्याने दुर्मिळ मॉडेलच्या नादी लागू नये असं मी ठामपणे म्हणतो. एका दिव्याच्या काचेसाठी गाडी वर्षभर उभी राहते, आणि उभी राहिली की वर लिहिलेलं सगळं सुरू होतं.

देखभाल कमी नाही. हे इंजिन हवेने थंड होतं, ऑइल जेमतेम अडीच लिटर मावतं, मूळ रचनेत फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून दर ५,००० किमीला ऑइल बदलायचं आणि टॅपेट (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) तपासायचे. तुमचे तेवढे किलोमीटर होणार नाहीत, तरी वर्षातून एकदा हे करून घ्याच. तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला त्या सालच्या रचनेत थंड हवा कमी मिळते, टॅपेट घट्ट राहिले तर आधी तिथला एग्झॉस्ट वॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) जातो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. विमा काढताना गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घेणारी पॉलिसी मिळते का ते विचारा.

आणि घेतलीत, तर रविवारची वाट बघण्याआधी हे करून घ्या: जुनं पेट्रोल काढून टाकी आतून बघायची, चारही चाकांचे ब्रेक उघडायचे, ब्रेकच्या रबरी नळ्या बदलायच्या, आणि सगळ्यात आधी पेट्रोलची नळी. इंजिनजवळची ती कापडी वेष्टणाची रबरी नळी वयाने कडक होऊन चिरते, आणि गळती लागली तर पेट्रोल थेट गरम इंजिनवर पडतं. बीटलना आग लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. इथेनॉल चालणारी नवी नळी आणि नव्या क्लिपा लावायला मेकॅनिकला तासभर पुरतो. तो म्हणाला ‘अजून चांगली आहे’, तरी बदलायला लावा.