मेलिंग लिस्ट की फोरम? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आमची मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर पाठवलेला मेल सगळ्या सदस्यांना जातो, ती सोय) १७ वर्षं जुनी आहे. सदस्य हजाराच्या घरात, पण लिहिणारे पंधरा-वीसच. नवी मंडळी फोरम, म्हणजे चर्चेची वेबसाइट, मागतात, जुन्यांना आहे तेच बरं वाटतं. काय करावं?

आधी ते पंधरा-वीस जण कोण आहेत ते पाहा. समूह जगतो तो उत्तरं देणाऱ्यांच्या जिवावर, आणि ही माणसं बहुधा इनबॉक्समध्येच वावरतात. सकाळी मेल उघडली की प्रश्न समोर असतो, दोन ओळी लिहून मोकळं होता येतं. फोरमवर मुद्दाम जावं लागतं, आणि मुद्दाम जाणं काही आठवड्यांत सुटतं. म्हणून मी कुणालाच पटकन ‘हलवा’ म्हणत नाही.

पण नव्या माणसाच्या जागीही बसून बघा. त्याला एकच शंका विचारायची असते. त्यासाठी सबस्क्राइब करायचं, खात्रीच्या मेलला उत्तर द्यायचं आणि मग रोज ढीगभर मेल झेलायचे. कंटाळून तो डायजेस्ट लावतो, म्हणजे बरेच मेल एकत्र बांधून एकाच मेलमध्ये मागवतो. नंतर त्याचं उत्तर येतं ते असं: विषयाच्या जागी ‘डायजेस्ट, खंड ४१, अंक ७’, वर एक ओळ ‘मलाही हीच अडचण येते आहे’, आणि खाली अख्खा डायजेस्ट जसाच्या तसा. हीच म्हणजे कोणती, ते कुणालाच कळत नाही. कुणीतरी त्याच्यावर खेकसतं आणि तो पुन्हा कधी लिहीत नाही. मॉडरेटर म्हणून मी अशी माणसं गमावली आहेत. त्यांची काही चूक नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमचं काम काय आहे, यावरही बरंच ठरतं. लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारे लोक आजही मेलवरच आहेत, कारण तिथे पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) मेलमधूनच येतो, त्याच मेलमध्ये ओळीओळीवर चर्चा होते आणि तो मेल थेट गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, घेता येतो. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पाने मात्र २०२२ मध्ये लिस्ट बंद करून चर्चा डिस्कोर्स या फोरम सॉफ्टवेअरवर नेली. तुमच्याकडे मुख्यतः शंकासमाधान चालत असेल, तर माझं मत फोरमच्या बाजूने आहे. फक्त मेलचं दार बंद करू नका.

म्हणजे जुन्या सदस्यांना मेलवरूनच लिहिता येईल?

येईल. डिस्कोर्समध्ये ‘मेलिंग लिस्ट मोड’ आहे. तो लावला की प्रत्येक पोस्ट मेलने येते, आणि मेलला दिलेलं उत्तर फोरमवर उमटतं. येणारे मेल स्वीकारण्याची सोय मात्र सर्व्हरवर आधी करून घ्यावी लागते. ती नीट चालते ना, हे दोन-तीन जुन्या सदस्यांकडून तपासून घ्या आणि मगच घोषणा करा. एक उणीव राहतेच: पोस्ट नंतर दुरुस्त केली, तरी मेलवाल्याच्या हाती पहिलाच मजकूर असतो.

इतकी उलथापालथ नको असेल, तर मेलमन ३ हे लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर बघा. लिस्ट तशीच राहते आणि वेबवरून वाचता-लिहिताही येतं.

त्यापेक्षा चॅट ग्रुप का नको?

कारण सहा महिन्यांपूर्वीचं उत्तर तिथे सापडत नाही. भेट ठरवायला तो चांगला.

काही सदस्यांचे मेल लिस्टवरून पुढे पोचतच नाहीत. फोरममुळे हे थांबेल?

बऱ्याच अंशी. लिस्ट तुमचा मेल तुमच्याच पत्त्याने पुढे पाठवते, पण जाताना विषयाला नाव जोडते, खाली तळटीप लावते. त्यामुळे मेलवरची मूळ डिजिटल सही जुळत नाही आणि समोरच्या सर्व्हरला तो मेल बनावट वाटतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने असे मेल नाकारण्याचं धोरण जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या लिस्ट अडखळल्या होत्या. फोरम स्वतःच्या पत्त्याने मेल पाठवतो, त्यामुळे हा घोळ होत नाही. एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरा आहे हे समोरच्या सर्व्हरला पटवणारी व्यवस्था) मात्र तिथेही लावावं लागतं.

जुन्या मेलचं काय होईल?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. याहू ग्रुप्स या लिस्ट चालवणाऱ्या सेवेने ऑक्टोबर २०१९ मध्ये साठवलेला मजकूर काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं आणि लोकांच्या हाती उरले जेमतेम काही महिने. सेवा १५ डिसेंबर २०२० ला संपली. तेव्हा हलायचं असो वा नसो, आर्काइव्ह, म्हणजे जुन्या मेलचा साठा, आजच एमबॉक्स स्वरूपात (सगळे मेल एका फाइलमध्ये) उतरवून घ्या. त्यात प्रत्येक मेलची ओळख आणि तो कोणत्या मेलला उत्तर आहे याची नोंद असते, त्यामुळे थ्रेड, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या साखळ्या, पुन्हा बांधता येतात. डायजेस्टला दिलेली उत्तरं तेवढी सुटी पडतात. जुन्या आर्काइव्हचे पत्ते तसेच चालू ठेवा. ठिकठिकाणी लोकांनी त्यांचे दुवे दिलेले असतात.

आणि लिस्ट बंदिस्त असेल, तर जुने मेल परस्पर खुल्या फोरमवर टाकू नका. आजारपण, नोकरी जाणं, घरातली भांडणं, हे सगळं लोकांनी आपलीच माणसं वाचताहेत या भरवशावर लिहिलेलं असतं. त्यांना विचारा. ज्यांचं उत्तर येणार नाही, त्यांचे मेल फक्त सदस्यांना दिसतील अशा विभागात ठेवा.