वस्तीची गाडी आणि वस्तीतली माणसं

देवगडच्या एका ताईंनी विचारलंय: 'आमच्याकडे वस्तीची एसटी म्हणजे रात्री मुक्कामाला येणारी गाडी. मुंबईत मात्र "ती वस्तीत राहते" म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. हा अर्थ कुठून आला?'

ताई, मूळ अर्थ तुमचाच. संस्कृत 'वसति' म्हणजे राहणं, मुक्काम. पाहुणा वस्तीला राहतो. रात्री आलेली गाडी गावातच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन सुटते. 'लोकवस्ती', 'वसतिगृह' यांतही काही उणं नाही.

शहरात मात्र या शब्दामागे विशेषण लागलं. सरकारी मराठीत झोपडपट्टीला पूर्वी सर्रास 'गलिच्छ वस्ती' म्हणत. पुढे विशेषण गळालं आणि डाग शब्दावर राहिला, असं माझं मत. हिंदीतल्या 'बस्ती'नेही हातभार लावला असणार. मुंबई महापालिकेची 'दत्तक वस्ती योजना' झोपडपट्ट्यांच्या साफसफाईसाठी होती. नावात झोपडपट्टी हा शब्द घालायची गरजही वाटली नाही. त्याच कुळातला 'वसाहत' मात्र रेल्वे, पोलीस, एमआयडीसी यांच्याकडे गेला, म्हणून त्याचा मान टिकला.

गिरगावातली 'वाडी' बघा. खोताची वाडी, फणसवाडी ही नावं लोक आजही अभिमानाने सांगतात. शब्दाची पत राहणाऱ्यांच्या प्रतिष्ठेवर ठरते.

मग कोकणात 'वस्ती' स्वच्छ का राहिला? आपल्याकडे माणसं वेगळी राहत नव्हती म्हणून नव्हे. ते वेगळेपण सांगायला दुसरे शब्द होते: कुंभारवाडी, भंडारवाडा, तेलीआळी, बौद्धवाडी. पत्ता सांगितला की जात कळते. शहरात 'वस्ती', 'चाळ', 'सोसायटी', 'टॉवर' यांवरून ऐपत कळते, एवढाच फरक. (बऱ्याचदा तिथेही जात कळतेच.) डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. ते योग्यच झालं, पण पाटी बदलली तरी घरं जिथल्या तिथेच असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकांपैकी जवळपास ५२ लाख झोपडपट्टीत राहत होते. इतक्या माणसांच्या घरांना कमीपणा आणणारा अर्थ आपण पुढे चालवू नये. झोपडपट्टी म्हणायचं असेल तर सरळ झोपडपट्टी म्हणावं, आणि 'वस्ती' सगळ्यांसाठी वापरावा. 'मलबार हिलची वस्ती' हेही अगदी शुद्ध मराठी आहे.