प्रोथियन साम्राज्याचा खरा इतिहास कोणता: पहिल्या गेममधला, की जाविक सांगतो तो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग तुम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी खेळलात, दुसरा राहून गेला, आता थेट तिसरा घेतलाय. पहिल्या भागात प्रोथियन म्हणजे ज्ञानी, शांत, नशिबानं मारलेली जमात वाटली होती. तिसऱ्यात त्यांच्यातला शेवटचा उरलेला जाविक येतो, समोर दिसेल त्याला आदिम ठरवतो आणि आम्ही सगळ्यांवर राज्य करत होतो असं खुशाल सांगतो. मग लेखकांनी मधेच कथा फिरवली का, आणि यातलं धरायचं काय?

माझं मत आधी सांगून टाकतो. लेखकांनी भर घातली हे खरंच, पण पहिल्या भागातलं खोटं ठरत नाही. पहिल्या भागात तुम्हाला इतिहास सांगतात ते अवशेष आणि एक यंत्र, तिसऱ्यात सांगतो एक सैनिक. तिघांचं सांगणं एकसारखं असतं तरच मला संशय आला असता. (पुढे तिन्ही भागांतली रहस्यं फुटणार आहेत. प्रश्नच तसा आहे, माझा इलाज नाही.)

आमच्याकडे खानदेशात कुठल्याही गावात जा. पडकी बारव असो, माळावरचं ओसाड देऊळ असो, नाहीतर टेकडीवरची तटबंदी असो. कोणी बांधलं विचारलं की उत्तर ठरलेलं: गवळी राजानं. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला दिसला तर हेमाडपंतानं. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा १३व्या शतकातला प्रधान. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीचं, तरी लोक त्यालाही सर्रास हेमाडपंतीच म्हणतात. एकट्या माणसाच्या नावावर अख्ख्या महाराष्ट्रातले दगड!

पहिल्या भागात आकाशगंगेनं नेमकं हेच केलेलं असतं. गेममधलं साल २१८३. माणसांना २१४८ मध्ये मंगळावर प्रोथियनांचं एक ठाणं सापडलेलं असतं आणि तिथल्या माहितीच्या जोरावर आपण ताऱ्यांपर्यंत पोचलेलो असतो. असारी, सलेरियन, तुरियन या परग्रहांवरच्या जमातींचंही कमी-अधिक तसंच. सगळ्यांना एवढं ठाऊक असतं की ५०,००० वर्षांपूर्वी प्रोथियनांचं राज्य आकाशगंगाभर होतं आणि मग ते एकाएकी नाहीसे झाले. म्हणून एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे क्षणात नेणारे मास रिले कोणाचे? प्रोथियनांचे. सिटाडेल नावाचं ते अवाढव्य अंतराळस्थानक कोणाचं? प्रोथियनांचं. गेममधला कोडेक्स, म्हणजे माहितीकोश, तोसुद्धा हेच सांगतो, आणि कोडेक्समध्ये छापलंय म्हटल्यावर आपणही मान डोलावतो.

५०,००० वर्षं हा आकडा वाचताना सहज निघून जातो. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथं उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेले तुकडे मिळाले, ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. एकेकाळी इथं शहामृग हिंडत होते हेच आधी पचत नाही. त्याच्याही दुप्पट मागे गेलात की प्रोथियनांचा शेवट. एवढ्या अंतरावरून कोणी नीट इतिहास सांगेल ही अपेक्षाच जास्त आहे.

या सगळ्यात एकटी लिआरा वेगळं बोलत असते. ती प्रोथियनांचा अभ्यास करणारी असारी, वय १०६, त्यांच्या हिशेबानं कोवळी पोर. तिचं म्हणणं असं की प्रोथियन हे पहिले नव्हेत, त्यांच्याही आधी संस्कृती झाल्या आणि अशाच पुसल्या गेल्या. पुरावा तोकडा म्हणून तिला कोणी विचारत नाही. पुढे विर्मायर ग्रहावर सोव्हरिन, म्हणजे या संस्कृती पुसणाऱ्या रीपर यंत्रांपैकी एक, स्वतःच बोलतो आणि भांडं फुटतं: रिले आणि सिटाडेल प्रोथियनांनी बांधलेच नव्हते. ते रीपर यंत्रांनी पेरून ठेवलेले. नव्या जमातींनी त्याच रस्त्यांनी जावं, त्याच राजधानीत येऊन बसावं, आणि वेळ आली की एका दाराआड सगळे सापडावेत.

आता इलोस हा ग्रह. पहिला भाग तुम्ही खेळलाय, तरी इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण साम्राज्याच्या शेवटाचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार इथंच आहे. व्हिजिल म्हणजे क्साद इशान नावाच्या प्रोथियन प्रमुखाच्या व्यक्तिमत्त्वावर बेतलेला संगणकी राखणदार. तो सांगतो: रीपर थेट सिटाडेलमधून आले, म्हणजे राजधानीतच. नेतृत्व पहिल्याच फटक्यात गेलं. जनगणना, नकाशे, कुठल्या ग्रहावर किती वस्ती, सगळं दप्तर त्यांच्या हाती लागलं. रिले बंद केले, त्यामुळे प्रत्येक ग्रहमाला एकाकी पडली आणि मग एकेक करून निवांतपणे संपवली. याला दशकं लागली, काही ठिकाणी शतकं. इलोसची नोंद मात्र त्या पहिल्या हल्ल्यात नष्ट झाली, म्हणून तिथली गुप्त प्रयोगशाळा वाचली. शास्त्रज्ञ आणि कर्मचारी गोठवणाऱ्या पॉडमध्ये झोपले. रीपर परत जाईपर्यंत ऊर्जा पुरेना, तेव्हा व्हिजिलनं बिनमहत्त्वाच्या लोकांचे पॉड एकामागून एक बंद केले. शेवटी डझनभर शास्त्रज्ञ तेवढे जागे झाले.

हा संवाद मी पहिल्यांदा ऐकला तो पारोळा तालुक्यातल्या आमच्या घरी, मे महिन्यात, भारनियमनाच्या दिवसांत. दुपारी गेलेली लाइट अजून आलेली नव्हती. एका जुन्या इन्व्हर्टरवर दोनच गोष्टी चालू होत्या: आजीच्या खाटेवरचा पंखा आणि माझा कॉम्प्युटर. व्हिजिल बोलत असताना इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला. संवाद चालू असताना सेव्ह होत नाही. मी हळूच उठून पंखा बंद केला. खाटेवरून आवाज आला, “पंखा कसाले बंद कया रे भो?” स्क्रीनवर तेव्हा नेमका पॉड बंद करण्याचा हिशेब चाललेला. मी पंखा लावला, कॉम्प्युटर गेला. दुसऱ्या दिवशी तो माको गाडीचा सगळा रस्ता पुन्हा.

त्या उरलेल्या शास्त्रज्ञांनी काय केलं ते विसरला असाल तर सांगतो, अख्ख्या मालिकेची कळ तीच आहे. त्यांनी इलोसवर बसून रिलेची छोटी नक्कल बनवलेली होती, तिचं नाव कंड्युइट. तीतून ते सिटाडेलवर गेले. तिथं कीपर नावाचे मुके जीव देखभालीचं काम करतात आणि रीपरांचा इशारा मिळाला की दार उघडतात. या शास्त्रज्ञांनी कीपरांना तो इशारा समजेनासा करून टाकला. परतीची वाट नव्हती, तिथं खायला काही नव्हतं. म्हणजे राज्य बुडाल्यावर काही उपाशी माणसांनी ५०,००० वर्षांनंतरच्या, तोंडही न पाहिलेल्या लोकांसाठी एक कडी आतून लावून ठेवली. पहिला भाग खेळून प्रोथियनांबद्दल जो आदर वाटतो तो इथून येतो. तो चुकीचा नाही. पण बघा, व्हिजिल एकदाही सांगत नाही की साम्राज्य कसं चालायचं. त्याला कोणी विचारतही नाही.

दुसरा भाग तुम्ही सोडलाय, त्यातलं एकच लागेल: माणसांच्या वसाहती उचलून नेणारे कलेक्टर म्हणजे रीपरांनी बदलून, कापून-जोडून गुलाम केलेले प्रोथियनच. मेले नाहीत, यापेक्षा वाईट झालं. बाकी दुसरा भाग इतिहासासाठी नाही तरी सोबत्यांसाठी खेळाच.

आता जाविक. हा मूळ गेमबरोबर आलाच नव्हता. २०१२ मध्ये तिसरा भाग आला त्याच दिवशी तो वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवला होता, आणि त्यावरून जगभर शिमगा झाला. एवढा मोठा साक्षीदार कोर्टाबाहेर तिकीट लावून बसवला होता! २०२१ च्या लेजेंडरी आवृत्तीत तो आतच आहे, तुमच्याकडे बहुधा तीच असेल.

जाविकच्या तोंडून येणारा इतिहास असा. प्रोथियनांना सुरुवातीला त्यांच्याही आधीच्या इनुसॅनॉन लोकांचे अवशेष सापडले, त्यावरून ते झपाट्यानं पुढे गेले. म्हणजे आपण त्यांच्या उष्ट्यावर वाढलो, तसे ते दुसऱ्याच्या. पुढे त्यांची यंत्रांशी गाठ पडली, ते मेटाकॉन युद्ध. त्यात हरायची पाळी आली तेव्हा त्यांनी आकाशगंगेतल्या सगळ्या जमातींना एका छत्राखाली आणलं. राजीखुशीनं आलात तर ठीक, नाही आलात तरी आलातच. जिंकलेल्यांची वेगळी नावं हळूहळू गेली आणि सगळेच प्रोथियन म्हणवले गेले. यंत्रांविरुद्ध पारडं झुकायला लागलं आणि तेवढ्यात रीपर आले.

हे ऐकल्यावर माझा पहिल्या भागातला एक मोठा गैरसमज गेला. अवशेषांत आपल्याला ‘प्रोथियन’ म्हणून जे जे सापडतं ते सगळं एकाच जमातीचं कशावरून? कुठली तरी जित जमात खपली असेल आणि पाटी साम्राज्याची लागली असेल. गवळी राजाचंच झालं की हे! पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८ चा शिलालेख मिळाला म्हणून आपल्याला ठामपणे सांगता येतं की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला. लेख नसता तर तोही मठ कोणाच्या खात्यावर गेला असता कोणास ठाऊक. प्रोथियनांखालच्या जमातींचे असे लेख कोणी ठेवलेच नाहीत. जाविकच्या बोलण्यात एखादं नाव निसटतं तेवढंच. डेन्सोरिन म्हणून लोक होते, त्यांनी रीपरांना शांत करायला स्वतःची पोरं बळी दिली, उपयोग शून्य. एका जमातीचा अख्खा इतिहास दोन ओळींत, तोही राज्यकर्त्याच्या तोंडून.

आणि हरले का, याचं कारणही जाविकच देतो. मला विचाराल तर ते त्याच्या सगळ्या फुशारकीपेक्षा मोलाचं आहे. साम्राज्यात सगळे एकाच पद्धतीनं विचार करत, एकाच पद्धतीनं लढत. रीपरांना त्या पद्धतीतली खोट कळली आणि मग सगळीकडे तीच चालली. आमच्या रावेर-यावलकडे हे कोणत्याही केळीवाल्याला एका वाक्यात समजेल. मैलोन्‌मैल एकाच वाणाची टिश्यूची बाग, दिसायला काय देखणी, घड एकसारखे. पण सीएमव्ही हा विषाणू एका बागेत शिरला की शेजारच्या बागेला अडवायला वेगळं काहीच नसतं. उपटून फेकायची. गेममध्ये आपण ज्याच्या भूमिकेत असतो त्या शेपर्डच्या काळातल्या जमाती एकमेकींशी भांडतात, कोणाचं कोणाशी पटत नाही, आणि जाविक कुरकुरत का होईना कबूल करतो की तुमचं बळ तेच आहे.

म्हणून तो खरं बोलतो का? बहुतेक बोलतो. पण तो रीपरांशी युद्ध चालू असतानाच जन्मलेला. साम्राज्याचे वैभवाचे दिवस त्यानं पाहिलेलेच नाहीत, ऐकलेत. त्याचं कामच सूडाचा आवाज होणं, त्यांच्यात असे एकेका गुणाचे अवतार नेमत. त्याची स्वतःची माणसं रीपरांच्या भुलीखाली गेली तेव्हा त्यानं ती स्वतःच्या हातानं मारली. ईडन प्राइम या ग्रहावरच्या तळघरात दहा लाख प्रोथियन झोपवून पुढच्या काळात पुन्हा राज्य उभं करायचा बेत होता, उरला हा एकटा. अशा माणसाच्या तोंडी शांत, तोललेला इतिहास आला असता तर मीच गेम बंद केला असता. आणि तो बेत नीट ऐका: जागे झाल्यावर तेव्हाच्या जमातींना हाताशी धरून साम्राज्य पुन्हा उभारायचं होतं. इलोसवाल्यांनी आपल्यासाठी दार लावलं, ईडन प्राइमवाले आपल्यावर राज्य करायला झोपले होते. दोघेही प्रोथियनच.

एक व्यवहाराची सूचना. तिसऱ्या भागात थेसिया या असारींच्या ग्रहावर जाल तेव्हा लिआरा सोबत असतेच, दुसरी जागा जाविकला द्या, दुसऱ्या कोणाला नको. तिथल्या अथामे देवीच्या मंदिरात असारींनी एक प्रोथियन बीकन, म्हणजे माहिती साठवलेलं यंत्र, शतकानुशतकं दडवून ठेवलंय. सापडलेलं प्रोथियन ज्ञान सगळ्यांना वाटायचं असा कायदा, आणि लपवणारे हेच. देवीच्या मूर्ती, तिचे दूत, तिनं दिलेल्या विद्या यांकडे बोट दाखवून जाविक ते सगळं आपल्या लोकांचं म्हणून सांगत सुटतो, आणि जिनं पन्नास वर्षं प्रोथियनांचा अभ्यास केला ती लिआरा शेजारी उभी राहून ते ऐकत असते. मंदिरात घाई करू नका. प्रत्येक मूर्तीपाशी थांबा, त्या दोघांना भांडू द्या.